नवं पात्र दाखवायचं तर कॅमेरा जुन्या पात्रावर ठेवा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे. गावातल्या मित्रांना घेऊन तो यूट्यूबसाठी कौटुंबिक मालिका करतो. एकत्र घर, सासू, दोन भाऊ आणि सगळ्यांचं करणारी थोरली सून सुमन. 22 भाग झालेत, आजूबाजूच्या गावांत लोक आवडीने बघतात. 23व्या भागात रेखा यायची आहे. धाकट्याने हुबळीत कुणाला न सांगता लग्न केलंय, ती मुलगी. तिच्यासाठी त्याने 45 सेकंदांचा प्रोमो केला. खानापूर स्टँडवर बसमधून उतरणारे पाय, गॉगल, स्लो मोशन, ड्रोनने घेतलेला रस्ता आणि वर भारदस्त आवाजात ‘ती शिकलेली, ती हट्टी, ती कुणाचंच न ऐकणारी, येतेय रेखा!’ लोकांनी पाहिला आणि विचारलं, ‘ही कोण?’ दोघातिघांनी तर ‘नवीन सीरियल चालू केला काय?’ असंच विचारलं. भाग यायला अजून दहा दिवस आहेत. प्रश्न असा: नव्या पात्राबद्दल प्रोमोत किती सांगायचं आणि किती लपवायचं?

मी मूळची बेळगावच्या वडगावची. मुंबईत चौदा वर्षं वाहिन्यांच्या प्रोमो विभागात कापाकापी केली, आता बेळगावात परत येऊन फुटकळ कामं करते. त्या अनुभवावरून सांगते की तुमची अडचण ‘किती’ची नाहीच. तुमच्या 45 सेकंदांत सुमन कुठेच नाही. 22 भाग लोकांनी जिच्यासाठी पाहिले तिला घरी ठेवून तुम्ही अनोळखी बाईला ड्रोन लावलात. मग लोकांना ती नवीन मालिका वाटली यात त्यांचं काय चुकलं?

मालिका बघणारा माणूस नव्या पात्रासाठी थांबत नाही. ते पात्र आल्यावर आपल्या माणसाचं काय होणार, यासाठी थांबतो. म्हणून नव्या पात्राच्या प्रोमोत मुख्य शॉट जुन्या पात्राच्या चेहऱ्याचा असतो. नवं पात्र म्हणजे त्या चेहऱ्यावर पडलेली सावली, एवढंच. प्रोमो बघून ‘ही कोण?’ विचारलं तर प्रोमो फसला. ‘आता सुमनचं काय?’ विचारलं तर जमला.

हे मला कुणी शिकवलं नाही, चुकून चुकून कळलं. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका मालिकेत नायकाची पहिली बायको परत यायची होती. अभिनेत्री नावाजलेली, तिच्या तारखा महाग. मी 30 सेकंद तिच्यावरच कापले. गाडीचं दार, सँडल, पदर, केस, शेवटी वळून बघणं. मोठ्या अभिमानाने दाखवला. आमच्या विभागप्रमुख बाई थंडपणे म्हणाल्या, “छान आहे. साडी कुठल्या दुकानाची?” खोलीत सगळे हसले. मला रडू यायचं बाकी होतं.

रात्री परत बसले. भागाचं कच्चं चित्रण चाळताना एक शॉट सापडला, एरवी कुणी वापरला नसता. नायिका संध्याकाळी देवापाशी दिवा लावतेय, मागे बेल वाजते, सासू दार उघडायला जाते आणि बराच वेळ काही बोलतच नाही. नायिका दिव्यावर हात धरून मान वळवते. मी तो शॉट ताणला. सासूचा चेहरा सहा सेकंद. मग सासूच्या तोंडून एकच शब्द, “तू?” आणि त्यानंतर महागड्या बाई, जेमतेम चार सेकंद. प्रोमो लागला त्या रात्री वडगावहून आईचा फोन आला. ‘काय गा, त्या बिचारीला आता घरातनं काढतात काय?’ आलेल्या बाईबद्दल तिने एक शब्द विचारला नाही. त्या फोनने मला जे शिकवलं ते गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांनी कधी शिकवलं नाही.

ही युक्ती काही टीव्हीने शोधलेली नाही. संस्कृत नाटकात दंडक होता की आधी सूचना दिल्याशिवाय पात्राने रंगमंचावर यायचं नाही. शाकुंतलाचा पहिला अंक आठवा. शकुंतला एकदम समोर येत नाही. आधी आतून मैत्रिणींना हाक मारणारा तिचा आवाज येतो, दुष्यंत कान देतो, झाडाआड उभा राहतो आणि मग आपण तिला त्याच्या नजरेतून बघतो. आवाज, ऐकणाऱ्याचा चेहरा, मग व्यक्ती. आजही चांगला प्रोमो याच क्रमाने चालतो. (ते शाकुंतल 1880 साली मराठीत गाऊन उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. आपल्याकडच्या माणसाने हे सांगायची संधी सोडू नये, म्हणून सांगितलं.)

मराठी मालिकांची नावंच बघा. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ 2016 साली आली. या नावात नवऱ्याची प्रेयसी शनाया आहे, पण शनाया म्हणून नाही. खऱ्या बायकोच्या, राधिकेच्या तोंडून ती येते. ऐकणाऱ्याला ती बाई कोण हे कळायच्या आधी कुणाच्या पोटात दुखतंय हे कळतं. ‘आई कुठे काय करते’ 2019च्या डिसेंबरात सुरू झाली. त्यातल्या आईची, अरुंधतीची ओळख तिने स्वतः करून दिलेली नाही, घरातली माणसं तिच्याबद्दल सहज जे बोलून जातात त्या वाक्यातून ती होते. तुमच्या प्रोमोतला आवाज मात्र रेखाबद्दल विशेषणं सांगतो. शिकलेली, हट्टी, कुणाचं न ऐकणारी. ही वधूवर सूचक मंडळाची माहिती झाली. विशेषण प्रेक्षकाला आठवत नाही, नातं आठवतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून असतं ते सांगते, कारण सगळ्या नव्या पात्रांना एकच औषध चालत नाही.

पात्र पूर्ण अनोळखी असेल, तुमच्या रेखासारखं, तर वर सांगितलं तसं. जुन्या चेहऱ्यावरून आत या.

पात्राचं नाव लोकांनी आधीपासून ऐकलं असेल, तर काम वेगळं आणि खरं सांगायचं तर जास्त मजेचं. ‘तुला पाहते रे’ 2018 मध्ये सुरू झाली तेव्हा विक्रांत सरंजामे आणि ईशा समोर होते. राजनंदिनी हे विक्रांतच्या पहिल्या बायकोचं नाव मागाहून घरात फिरायला लागलं आणि शिल्पा तुळसकर त्या भूमिकेत नंतर आल्या. अशा पात्राची ओळख करून द्यायची नसते, लोकांच्या मनात जी आकृती तयार झालेली असते तिच्याशी गाठ घालून द्यायची असते. इथे मात्र चेहरा स्वच्छ दाखवायचा. महिनोन्महिने नाव ऐकलेल्या माणसाची फक्त पाठ दाखवलीत तर लोक वैतागतात.

या मालिकेने मला आणखी एक धडा दिला आणि तो फक्त आपल्या भागातच मिळू शकला असता. 2019 मध्ये हीच गोष्ट कन्नडमध्ये ‘जोते जोतेयली’ म्हणून सुरू झाली. आमच्या गल्लीत आज्ज्या नि काकू दोन्ही भाषांतल्या मालिका बघतात, रिमोट एकच. मराठी संपली की कन्नड. म्हणजे त्यांना आर्यवर्धनचं, कन्नडमधल्या विक्रांतचं, गुपित पहिल्या दिवसापासून ठाऊक. मला वाटलं, आता या कशाला बघतील? शेजारच्या काकू म्हणाल्या, “ठाऊक हाय की गा. पण ह्यो कसा करतोय ते बघूया.” मुंबईत आम्ही गुपित फुटू नये म्हणून रात्र रात्र वाद घालायचो. इथे गुपित माहीत असलेल्या बायका शेंगा फोडत निवांत बसलेल्या. तेव्हापासून मी लपवण्याला फार भाव देत नाही. रेखा ही धाकट्याची बायको आहे, हे प्रोमोत खुशाल सांगा. ते लपवून तुमच्या हाती काही लागणार नाही. सुमन त्यावर काय करते, तेवढं मात्र सांगू नका.

तिसरा प्रकार म्हणजे पात्र जुनं, नट नवा. शनायाचंच घ्या. आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग परत रसिका. इथे ओळख करून देण्याचा मोह पूर्ण टाळायचा. माझा नियम असा आहे की नवा चेहरा दिसायच्या आधी घरातल्या कुणीतरी जुन्या नावाने, जुन्याच सुरात हाक मारायची आणि बाकीच्यांनी काही घडलंच नाही असं वागायचं. घर जर दचकलं नाही तर प्रेक्षकही आठवडाभरात दचकायचं थांबतो. गावच्या मालिकेत ही वेळ हमखास येते, कुणाला पुण्यात नोकरी लागते, कुणाचं लग्न ठरतं. लक्षात ठेवा.

लीप घेऊन, म्हणजे गोष्ट काही वर्षं पुढे नेऊन, मूल मोठं झालं, हा प्रकार मी सोडून देते. तुम्हाला त्याची गरज नाही आणि देवाच्या कृपेने पडूही नये.

सेकंदांचा हिशेब तुम्ही विचारला नाहीत, पण अर्धी गडबड तिथेच आहे. 45 सेकंद खूप झाले. टीव्हीवर आम्हाला साधारण 30 मिळायचे, त्यातले शेवटचे चार-पाच मालिकेचं नाव, वार आणि वेळ यात जायचे. हातात उरायचे 25. त्यात मी पंधरा-सोळा जुन्या पात्राला द्यायचे, तीन-चार शांततेला आणि उरलेले नव्याला. शांतता म्हणजे खरोखर शांतता, संगीतसुद्धा बंद. मालिकेत कधी नव्हे ती शांतता आली की स्वयंपाकघरातली बाई मान वर करून बघते. तुम्ही पहिल्या सेकंदापासून ढोल लावलेत, त्यामुळे रेखाच्या येण्याला वेगळा आवाज उरलाच नाही.

स्वयंपाकघर म्हटलं त्यावरून आठवलं. माझं माहेर विणकरांचं. खालच्या खोलीत माग चालायचे, त्यांच्या खटखटीत टीव्हीतलं अक्षरही ऐकू यायचं नाही. वडील आणि काका मालिका नुसती बघायचे. आई आणि आज्जी आत चुलीपाशी, त्यांना पडदा दिसायचा नाही, त्या नुसती ऐकायच्या. रात्री जेवताना दोन्ही बाजू जोडून गोष्ट पूर्ण व्हायची, आणि वादही व्हायचे. पुढे मुंबईत मी प्रत्येक प्रोमो दोनदा तपासायला लागले, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. दोन्ही वेळा ‘कुणीतरी आलंय आणि घरातलं माणूस हादरलंय’ एवढं कळायलाच हवं. सोबतचे हसायचे, पण दोन वर्षांनी त्यातले निम्मे तेच करत होते. तुमचा प्रोमो डोळे मिटून ऐका. ढोल आणि विशेषणं. आवाज बंद करून बघा. एसटीतून उतरणारी एक मुलगी. सुमन नाही, घर नाही, भीती नाही.

मोबाइलवर आणखी एक भानगड आहे. लोक भागाच्या आधी थंबनेल, म्हणजे व्हिडिओवरचं छोटं चित्र, बघतात. तिथे रेखाचा गॉगलवाला फोटो आणि लाल अक्षरांत नाव टाकलंत की प्रोमो सुरू व्हायच्या आधीच संपला. थंबनेलवर सुमनचा चेहरा ठेवा. आणि उभ्या रीलसाठी वेगळं कापा, आडवं चित्र नुसतं मधून कापून टाकू नका. दोघी एका चौकटीत असलेला शॉट उभ्यात एका बाजूचा कान तरी तोडतोच.

दुसरी चूक मी केली ती सांगते, कारण तुम्हीही तिच्या वाटेवर आहात. एका मालिकेत नवी खलनायिका यायची होती. भागाचं शूटिंग मागे पडलेलं, प्रोमो आधी हवा. म्हणून आम्ही फक्त प्रोमोसाठी एक प्रसंग उभा केला, नवी बाई येते आणि नायिकेला थोबाडीत मारते. प्रोमो गाजला. भागात ती थोबाडीत नायिकेचं स्वप्न निघालं, लेखकाला तिथे मारहाण परवडत नव्हती. लोकांनी वाहिनीला शिव्या घातल्या, माझ्या आईने मला घातल्या. त्या बाईचं पात्र पुढे चांगलं लिहिलेलं होतं, पण ती शेवटपर्यंत ‘स्वप्नातली’च राहिली. पहिल्या ओळखीत खोटं बोललात तर ते पात्राला चिकटतं. तुमच्या प्रोमोत रेखा ‘कुणाचंच न ऐकणारी’ आहे. तुम्ही पाठवलेल्या 23व्या भागाच्या संहितेत मात्र ती गोंधळलेली, घाबरलेली पोरगी आहे आणि सासूला पहिला नमस्कार चुकून दोनदा करते. तो दोनदा केलेला नमस्कार मला फार आवडला. मग प्रोमोतली वाघीण कुठून आणलीत?

मला वाटतं त्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे. नवीन आलेली म्हणजे वाईट, आणि त्यात ती हुबळीची, कन्नड बोलणारी. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण बेळगाव-खानापुरात कुठल्या घरात एक तरी सून, जावई, मामी तिकडची नाही? आमच्याच घरात दोन आहेत. त्यांच्याकडे बघून लिहा. परकेपणा दाखवा, जरूर दाखवा, त्यातच गोष्ट आहे. दुष्टपणा मात्र कमावलेला असू दे, तो गावावरून मिळत नाही.

आता तुमच्याच मालिकेचा प्रोमो मी कसा केला असता ते सांगते. 30 सेकंद.

संध्याकाळ. सुमन चुलीपुढे तांदळाची भाकरी थापतेय. मागे सात ताटं मांडलेली. ती पुटपुटत मोजते, “मामंजी, अत्याबाई, हे, भावजी, दोन पोरं, मी.” हा मोजण्याचा आवाज संथ, रोजचा, दहा सेकंद चालू दे. बाहेर कुत्रं भुंकतं. फाटकाची कडी वाजते. सुमनचा हात थांबतो. सोप्यातून सासूचा आवाज, पण नेहमीचा नाही, “सुमन... आठवं ताट घे.”

आता सगळं बंद. फक्त तव्याचा आवाज. सुमन दाराकडे बघते. तीन सेकंद हलू नका.

मग बाहेरून एक कोवळा, घाबरलेला आवाज: “अत्ती, ओळग बर्लेन री?”

संपलं. रेखाचा चेहरा नाही, फार तर उंबऱ्याबाहेरच्या चपला. सासूबाई, आत येऊ का, एवढंच ती विचारते. पण ‘अत्ती’ म्हणजे सासू हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या एका शब्दात धाकट्याचं लग्न, हुबळी, न सांगितलेलं सगळं घरात येतं. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकासाठी खाली मराठी अक्षरं टाका, पण आवाज बदलू नका. मुंबईत मला असा शब्द कधी वापरायला मिळाला नसता, पहिल्याच बैठकीत ‘हे पुण्या-मुंबईत कळेल का?’ म्हणून कापला असता. तुमचा प्रेक्षक दोन्ही भाषांचा आहे, ही वाहिन्यांकडे नसलेली चीज तुमच्याकडे फुकट आहे.

आणि शेवटचा शॉट परत सुमनवर. ती आठवं ताट घेते आणि मांडायला जागा शोधते. जागा नाही. स्वतःचं सरकवते.

स्टँडवरचं चित्रण टाकून देऊ नका. तो ड्रोनचा रस्ता 23व्या भागाच्या सुरुवातीला, रेखा एकटी येत असताना चांगला बसेल, फक्त गॉगल काढा आणि ढोल काढा. नव्याने घ्यायचंय ते सुमनचं स्वयंपाकघर, एका संध्याकाळचं काम. सासूचं वाक्य कॅमेरा बंद करून वेगळं रेकॉर्ड करा, ज्या काकू ती भूमिका करतात त्यांना दहा वेळा म्हणायला लावा आणि आठवं-नववं घ्या, तोवर अभिनय थकलेला असतो. हुबळीचा उच्चार हुबळीच्याच मुलीकडून घ्या, मराठी पोरीने घोकून म्हटलेलं कन्नड तुमच्या प्रेक्षकाला पहिल्या अक्षरात कळेल. आणि त्या तीन शांत सेकंदांत तव्यावरची भाकरी खरोखर करपू द्या. सुमन करणाऱ्या ताईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर सवयीने त्या ती उलटतील.